टँटी थिओचं आळशी झाड

टँटी थिओला 'गुड मॉर्निंग' म्हटल्याशिवाय आमच्या बागेत कुणाला काही बघायला मिळत नाही. फाटकाशी बस थांबते, पाहुणे उतरतात, कुणी टोपी शोधतं, कुणी थेट विचारतं, "बाथरूम कुठे आहे?" टँटी त्याच्याकडे बघते. नुसतीच बघते. डोक्याला पिवळा फडका, पायात गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट आणि दोन्ही हात पाठीमागे. तो माणूस पुन्हा विचारतो. टँटी म्हणते, "गुड मॉर्निंग." तो म्हणतो, "हो हो, पण बाथरूम..." टँटी म्हणते, "गुड मॉर्निंग." तिसऱ्या खेपेला गडी शुद्धीवर येतो. एका जर्मन गृहस्थाला चार खेपा लागल्या होत्या, आणि चौथ्या खेपेचं 'गुड मॉर्निंग' त्याने पाय आवळून म्हटलं होतं. ते मला हुबेहूब करता येतं.

बाग आमची, म्हणजे कागदावर पप्पांची. त्रिनिदादमध्ये अरिमा गावाच्या वरच्या खोऱ्यात पूर्वी आमचा कोकोचा मळा होता. कोकोला कुणी विचारेनासं झालं तेव्हा माझ्या आज्याने त्याच झाडांवर ऑर्किडं चढवली आणि फाटकावर पाटी लावली. पण झाडांना विचाराल तर ती टँटीचंच नाव सांगतील. टँटी म्हणजे मावशी, आमच्याकडे वयस्कर बाईला सगळे तसंच म्हणतात. चोवीस वर्षांची असताना ती इथे आली, आता एकसष्ट पूर्ण आहे. पप्पा तिला पगार देतात आणि ती पप्पांना ओरडते, अशी दोघांत कामाची वाटणी आहे.

पाहुण्यांना फिरवताना ती जे बोलते त्यात सदतीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

"हिच्याकडे बघा. हिला आम्ही पोस्टमास्तरीण म्हणतो. तोंड सदा उघडं, आत टपाल नाही. ही पांढरी. सकाळी नवरीसारखी नटते आणि दुपारी बाराला मान टाकते. असल्या नवऱ्या मी गावात तीन बघितल्यात." इथे ती थांबते. पाहुणे हसतात. हसणं संपायच्या जरासं आधी ती पुढे निघते. "आणि ही जांभळी. झाडाला कशी बिलगलीय बघा. कशाने बांधलीय, ओळखा बघू. स्टॉकिंगने. दोरी काचते, तार कापते, स्टॉकिंग ताणला जातो पण दुखवत नाही. तेव्हा बायांनो, घरी गेलात की जुने, भोकं पडलेले स्टॉकिंग मला पाठवा. पुरुषांचे मोजे नकोत. झाडांनाही नाक असतं."

बायका खरंच पाठवतात. नॉर्वेहून एकदा एवढं मोठं पाकीट आलं होतं, की पोस्टातला माणूस ते द्यायला स्वतः वर आला आणि जाईना. आत काय आहे ते बघितल्यावर मात्र लगेच गेला.

पण टँटीचं खरं कसब पाहुण्यांसमोर दिसत नाही. ते सकाळी सहा वाजता दिसतं, ती पाणी घालायला निघते तेव्हा. तिचं म्हणणं असं, की झाड वाढतं खतावर पण फुलतं लाजेवर. म्हणून ती प्रत्येकाला टोमणे मारत जाते. त्रिनिदादमध्ये टोमण्यांना आम्ही पिकाँग म्हणतो आणि ते लग्नात, मयताला, क्रिकेटमध्ये कुठेही चालतात. झाडांना मारणारी मात्र टँटी एकटीच.

"शेजारणीकडे बघ जरा. तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, सात कळ्या. तू काय करत होतीस, टीव्ही बघत होतीस?" असं म्हटलं की आठवड्याभरात ते झाड मुकाट्याने कळी काढतं. पप्पा म्हणतात हा योगायोग आहे. पप्पांच्या हातचं मात्र मिरचीचं रोपसुद्धा नीट फुलत नाही.

एकच झाड तिच्या टोमण्यांना पुरून उरलं होतं. ऑफिसच्या व्हरांड्यात लोखंडी तिवईवर एक निळं एनॅमलचं पातेलं ठेवलेलं असायचं. आजूबाजूला नेचे इतके माजलेले, की तिवई दिसायचीही नाही, पातेलं हवेत तरंगल्यासारखं वाटायचं. त्यात रुंद, सुरकुत्या पडलेल्या पानांचं एक ऑर्किड होतं. पानं बघावीत तर हिरवीगार, तगडी. फूल शून्य. एक वर्ष नाही, दोन नाही, अकरा वर्षं.

पातेलं टँटीच्या आईचं. त्यात ती शनिवारचं सूप करायची, अख्ख्या गल्लीला पुरेल एवढं. बुडाला नाण्याएवढा टवका उडालेला आहे, तो आपण लहानपणी पाडला असं टँटी सगळ्यांना सांगायची. अकरा वर्षांपूर्वी आई वारली. मयताला ब्रुकलिनहून धाकटा भाऊ आला, क्लिओफास. त्याच आठवड्यात मळ्याच्या कडेचं एक जुनं इमॉर्टेलचं झाड उन्मळलं. त्याच्या शेंड्याला हे ऑर्किड होतं, फुलाचा पत्ता नाही, नुसती पानं. क्लिओफासने ते सोडवून आणलं आणि म्हणाला, "हे आईच्या पातेल्यात लाव." टँटीने लावलं. पाणी जायला बाजूला बारीक भोकं पाडली, बुडाला हात लावला नाही. आईच्या पातेल्याच्या बुडाला खिळा मारायचा तिला धीर झाला नाही.

विमानतळावर निघताना क्लिओफास म्हणाला, "फुललं की कळव. त्याच दिवशी निघतो."

टँटी म्हणाली, "पुढच्या वर्षी फुलेल."

ते काही फुललं नाही, आणि तोही काही आला नाही.

दर रविवारी चर्चहून आली की ती ऑफिसातून त्याला फोन लावायची. फोन कानाला लावला की मेंदू गरम होतो अशी तिची समजूत आहे, म्हणून स्पीकर चालू, आणि त्यामुळे आम्हा सगळ्यांना सगळं ऐकू येतं. क्लिओफास तिकडे एका दहा मजली इमारतीचा बॉयलर आणि लिफ्ट सांभाळतो. त्याचा आवाज बादलीत खडी हलवल्यासारखा आहे.

"गुड मॉर्निंग."

"गुड मॉर्निंग, थिओ. फुललं?"

"नाही."

"अजून नाही?"

"तुझ्यावर गेलंय. बसून खातंय."

"बरं. फुललं की येतो."

"ये नाहीतर नको येऊ. माझं काय अडलंय?"

मग गुडघे, पाऊसपाणी, कोण गेलं, कोणाला नातू झाला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

तिचं काय अडलं होतं ते आम्हाला माहीत होतं. दर ख्रिसमसला घरोघर नवे पडदे लागतात तसे टँटीकडेही लागायचे, आणि सगळ्यात आधी लागायचे ते मागच्या खोलीत. खोली क्लिओफासची. अकरा वर्षांत अकरा पडदे बदलले आणि त्या पलंगावर कुणी पाठ टेकली नाही. माझी आई म्हणायची, "एकच तर शब्द आहे, 'ये'. तो तिने म्हणावा म्हणून तो थांबलाय, आणि न म्हणता त्याने यावं म्हणून ती थांबलीय. आणि मधे ते झाड उगाच शिव्या खातंय."

आता माझ्या पापाचं सांगते, कारण पुढे त्याच्यावाचून अडणार आहे.

गेल्या वर्षी एक एप्रिलला ऑफिसात कुणी नव्हतं. मी टँटीच्या आवाजात फोन लावला. "गुड मॉर्निंग," मी म्हटलं, तिच्यासारखं, 'मॉर्निंग'वर जोर देऊन. "क्लिओफास, फुललं." मला वाटलं तो ओळखेल आणि हसेल. तो हसला नाही. तो म्हणाला, "खरं?" आणि मग बराच वेळ बॉयलरची घरघर तेवढी ऐकू आली. तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी घाबरून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, टँटीने नेहमीसारखा फोन केला तेव्हा त्याने तिकीट काढलेलं होतं, बॅगही भरलेली होती. तिकीट फुकट गेलं. दोन महिने तो फोनवर आला नाही. टँटीने मला मारलं नाही. तिने मला समोर बसवून म्हटलं, "आता त्याची माफी माग. तुझ्या स्वतःच्या आवाजात." तो नेमका कसा असतो ते मला पहिली दोन मिनिटं सापडेना.

तर या वर्षी कॉर्पस क्रिस्टीच्या सणाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मंगळवार होता. मला ताप होता. निदान शाळेला आईच्या आवाजात तसा फोन गेला होता. बागेत बार्बाडोसहून चर्चच्या चौदा बायका आल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या हॅटमध्ये. त्यांची पुढारी सिस्टर ग्रिफिथ. आवाज असा, की चर्चच्या ऑर्गनची सगळ्यात जाड पट्टी कुणीतरी दाबून धरलीय. बसमधून उतरल्या उतरल्या चौदाही जणी एका सुरात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." टँटी इतकी खूश झाली, की तिने हात पाठीमागून पुढे आणले.

पोस्टमास्तरीण झाली, नवरी झाली, बायका हसल्या. जांभळीपाशी टँटी म्हणाली, "कशाने बांधलीय, ओळखा बघू." आणि थांबली. ही थांबायची जागा नव्हती. माझ्या लगेच लक्षात आलं. तिने नाक वर केलं.

"कुणाच्या पिशवीत केक आहे?"

चौदा जणींनी आपापल्या पिशव्या पोटाशी धरल्या.

"फाटकावर पाटी आहे. खायला आणायचं नाही. मुंग्या येतात."

"बाई," सिस्टर ग्रिफिथ म्हणाल्या, "आम्ही देवाची माणसं. आमच्या पिशवीत बायबल असतं."

"बायबलला चॉकलेटचा वास येत नाही."

"आमच्या बायबलला नाही येत. त्रिनिदादच्या बायबलचं सांगता येत नाही, तुम्ही लोक सगळंच जेवणावर नेता."

"आम्ही नेतो जेवणावर, आणि तुम्ही येता जेवायला."

सिस्टर ग्रिफिथ हसल्या, हॅट सरळ केली. टँटीला जोडीदारीण भेटली हे त्या दोघींनाही कळलं. पण वास काही जाईना. मलाही आला तो. चॉकलेट, त्याच्याखाली व्हॅनिला, आणि सगळ्यात शेवटी पुदिन्यासारखं काहीतरी गार. मागच्या रांगेतल्या एका हडकुळ्या बाईने गुपचूप पिशवीतून फॉइलची पुरचुंडी काढली. "माझ्याकडे हा ब्रेड आहे. पण हा नारळाचा आहे. हुंगून बघा."

टँटीने हुंगला. "नारळाचाच आहे. सोडा जास्त झालाय."

"हेच मी तिला सकाळी सांगितलं," सिस्टर ग्रिफिथ म्हणाल्या.

मग संशय माझ्यावर आला. मी खिसे उलटे करून दाखवले. मग पप्पांवर. "रगबीर," टँटीने हाक मारली, "कोको भाजतोयस का? पाहुण्यांच्या वेळेत?" पप्पा ऑफिसच्या दारात आले. "मी काही भाजत नाहीये, टँटी. मला वाटलं तूच काहीतरी आणलंयस माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी? तू काय केलंयस एवढं?"

एवढ्यात सिस्टर ग्रिफिथच्या हॅटजवळून एक हिरवी माशी गेली. माशी नव्हे, मधमाशीच, पण चकचकीत हिरवी, ख्रिसमसच्या कागदाची कापून केल्यासारखी. त्यांनी हात उगारला.

"मारू नका," टँटी म्हणाली, एकदम हळू आवाजात. "त्याला ठाऊक आहे." ह्या माशा टँटीला माणसांपेक्षा जास्त कळतात. नर असतात ते, मध प्यायला येत नाहीत, वास गोळा करायला येतात, घरोघर अत्तर मागत हिंडणाऱ्या नवरदेवांसारखे. "चला. त्याच्या मागे."

तो निघाला, त्याच्यामागे टँटी, तिच्यामागे चौदा पांढऱ्या हॅट, शेवटी मी. वाटेत दुसरा मिळाला, मग तिसरा. सगळी वरात पोस्टमास्तरणीवरून, नवरीवरून, वळसा घालून आली ती ऑफिसच्या व्हरांड्यात. तिथे पातेल्यापाशी दहाबारा हिरवे ठिपके घिरट्या घालत होते. पातेल्यात नव्हे. पातेल्याच्या खाली. नेच्यांत शिरत होते, बाहेर येत होते.

टँटीचे गुडघे सात वर्षांपासून वाकत नाहीत. त्यासाठी तिने चर्चमध्ये बसून प्रार्थना करायची परवानगी घेतलीय. त्या दिवशी ते वाकले. ती फरशीवर बसली, दोन्ही हातांनी नेचे बाजूला केले आणि मान वाकडी करून खाली बघितलं.

पातेल्याच्या बुडाला, टवक्याच्या जागी, गंजून भोक पडलं होतं, अंगठा जाईल एवढं. त्यातून एक दांडी खाली आली होती आणि तिला दोन फुलं उलटी लोंबत होती, वटवाघळांसारखी. हस्तिदंती रंग, पंजाएवढा आकार, पाकळ्या मागे फेकलेल्या, मधोमध दोन शिंगं, आणि थोडे जांभळे शिंतोडे. मी असं फूल कधी बघितलं नव्हतं. टँटीनेही नव्हतं.

नारळाच्या ब्रेडवालीने हॅट काढली.

पप्पांनी आतून जाडजूड पुस्तक आणलं, पानं उलटली. "हे वर फुलतच नाही, टँटी. हे खाली फुलतं. म्हणून झाडावर असतं, नाहीतर जाळीच्या टोपलीत लावायचं असतं." पुस्तकातून डोकं वर काढून ते म्हणाले, "म्हणजे हे दरवर्षी फुलत असणार. आत. बुडावर डोकं आपटून आतच कुजत असणार."

"दरवर्षी?"

"बहुतेक."

टँटीने एक रुंद पान दोन बोटांत धरलं. "अकरा वर्षं तुला आळशी म्हटलं मी," ती त्या झाडाला म्हणाली. "लोकांसमोर म्हटलं. चुकलं माझं, बाई. पण तूही जरा आतून ठोठवायचंस की." आणि मग पप्पांना, "टिकतात किती?"

"तीन दिवस."

"आज पहिला?"

"काल संध्याकाळी वास नव्हता. म्हणजे आज पहिला."

तिने फोन मागितला. रविवार नसताना तिने फोन मागितलेला मी पहिल्यांदा पाहिला. स्पीकर चालू केला, आणि पलीकडे उचलल्या उचलल्या म्हणाली, "क्लिओ, फुललं. दोन आलीत. आईच्या पातेल्याखालून." तिचा आवाज चिरकला. "क्लिओ, तू ये."

माझी आई नव्हती तिथे तो शब्द ऐकायला.

बॉयलरची घरघर. मग खडी हलली.

"वा. या वर्षी फारच सुधारणा आहे, पोरी. श्वाससुद्धा तिचाच घेतलास. पण तीन चुका केल्यास. एक, माझी बहीण पोपशी बोलली तरी आधी गुड मॉर्निंग म्हणेल. दोन, ती रडत नाही. तीन, ती मला 'ये' म्हणणार नाही. जन्मात नाही म्हणणार. आणि तारीख तरी बघायचीस, एप्रिल केव्हाच संपला." फोन बंद.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चौदा हॅट वळल्या.

"मी तर तोंडही उघडलं नाही," मी म्हटलं.

टँटीने पुन्हा लावला. "गुड मॉर्निंग."

"आता आठवलं होय?"

मी पुढे झाले. "क्लिओ अंकल, मी अंजनी. मी इकडे आहे आणि ती टँटीच आहे, खरी."

"दोन्ही आवाज काढतेस. हुशार आहेस."

पप्पांनी फोन ओढला. "क्लिओफास, मी रगबीर बोलतोय. फूल माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"बापाचाही काढते. बाप ऐकेल तर झोडपेल तुला."

"भाऊ," सिस्टर ग्रिफिथ वाकून म्हणाल्या, "मी ब्रिजटाउनची सिस्टर ग्रिफिथ. देवाशपथ सांगते, फूल आहे."

"हा नवा आहे," क्लिओफास म्हणाला. "हा झकास आहे. हा कुणाचा?"

फोन पुन्हा बंद झाला. फोटो पाठवून भागणार नव्हतं. त्याच्याकडे अजून बटणांचा फोन आहे, त्यात चित्र येत नाही, नुसते आवाज येतात. आणि आवाजांचंच तर मी वाटोळं करून ठेवलं होतं. एखाद्या माणसाचा आवाज इतका चोरता येतो, की खुद्द त्या माणसाला तो परत मिळत नाही, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मला तापाचं नाटक सोडून खरंच ताप भरल्यासारखं झालं.

टँटी फरशीवरच बसून होती. मान वाकडी करून तिने पुन्हा एकदा खाली बघितलं. फुलांकडे नव्हे, भोकाकडे. त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिसऱ्यांदा फोन लावला.

"क्लिओफास, ठेवू नकोस. टवका."

"कुठला टवका?"

"पातेल्याचा. बुडाचा. पातेलं पालथं घालून तू त्याचे स्टंप केले होतेस, मागच्या अंगणात. मी तुला तीनदा बोल्ड केलं. दर वेळी तू म्हणालास, लागलंच नाही, टण्ण आवाज आला नाही. चौथ्यांदा आला. तेव्हा तू चिडून बॅटच घातलीस पातेल्यावर." टँटीचा आवाज आता चिरकत नव्हता. "आईने विचारलं कुणी केलं. तू पेरूच्या झाडाखाली उभा होतास, चड्डी ओली करायच्या बेतात. मी म्हटलं, मी. त्याच पेरूचा फोक तोडला आईने. पन्नास वर्षं झाली. मी ना आईला सांगितलं, ना तुला बोलून दाखवलं. आता सांग, हे ह्या रगबीरच्या पोरीला कुठून कळणार?"

मला खरंच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

घरघर. घरघर. मग एक आवाज आला, त्यात खडी नव्हती. "थिओ?"

"गुड मॉर्निंग," टँटी म्हणाली.

"गुड मॉर्निंग," क्लिओफास म्हणाला, नऊ वर्षांच्या मुलाने म्हणावं तसं.

"त्या टवक्यातून गंज धरला. गंजातून भोक पडलं. भोकातून ते बाहेर आलं. तुझ्या बॅटीने फुललंय ते, आणि मार खाल्ला मी."

"मघाशी तू शेवटी काय म्हणालीस?"

"म्हणाले असेन काहीतरी."

"पुन्हा म्हण."

टँटीने आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागलो. चौदा बायकांना अचानक छपराची कौलं फार आवडली.

"ये," ती म्हणाली.

"उद्याच्या विमानाने निघतो."

सिस्टर ग्रिफिथनी तिथल्या तिथे स्तोत्र धरलं, चौदा जणींनी साथ दिली, आणि हिरवे नवरदेव एक मिनिट बिचकून लांब गेले. त्या गेल्यावर व्हरांड्याच्या कठड्यावर पाच जोड स्टॉकिंग ठेवलेले आढळले. ते त्यांनी कुठे आणि कधी काढले हे मी विचारलं नाही.

बुधवारचा दिवस टँटीने पातेल्याशेजारी काढला. पाहुण्यांना पप्पांनी फिरवलं. त्यांनी नवरीला पोस्टमास्तरीण म्हटलं आणि कुणी हसलं नाही.

गुरुवारी कॉर्पस क्रिस्टी. त्या दिवशी आमच्याकडे ज्याला हात आहेत तो काहीतरी लावतो; ह्या दिवशी लावलेलं मरत नाही. खोरंभर फावड्यांचा आवाज होता. नऊच्या सुमारास फाटकाशी टॅक्सी थांबली आणि एक लांबलचक, पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. अंगात गरम कोट, घामाने डबडबलेला, हातात बॅग. तो धापा टाकत म्हणाला, "कुठेय ते? आहे ना अजून?"

टँटी फाटकात उभी होती. पिवळा फडका, काळे बूट, हात पाठीमागे. तिने त्याच्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं.

तो म्हणाला, "थिओ, अगं, रात्रभर विमानतळावर..."

"गुड मॉर्निंग," टँटी म्हणाली.

क्लिओफासने बॅग खाली ठेवली. कोटाची बटणं लावली. "गुड मॉर्निंग, मिस लेझामा," तो पाहुण्यासारखं तिचं आडनाव घेऊन म्हणाला. तिच्या पाठीमागे मी उभी होते, म्हणून मला तिचे हात दिसत होते. ते एकमेकांना इतके घट्ट धरून बसले होते, की तिला ते सुटे करून त्याच्या गळ्यात टाकायला जरा वेळ लागला.

फुलं होती अजून. कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या, वास अर्धा उरला होता, पण होती. क्लिओफास कोटासकट फरशीवर उताणा झोपला आणि डोकं तिवईखाली घातलं. बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत होते. मग आतून आवाज आला, "माझाच टवका आहे. ओळखला मी."

"ओळखशीलच. नीट बघून घे."

"पोरगी कुठे आहे ती?"

मी पुढे झाले. माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, "सॉरी, क्लिओ अंकल." या वेळी तो पटकन सापडला.

"तो बार्बाडोसच्या बाईचा आवाज," तो तिवईखालून म्हणाला, "काढून दाखव."

मी काढला. तिवई हलेपर्यंत तो हसला.

दुपारी फुलं गळली. ती टँटीने बशीत ठेवली. पप्पांनी नवीकोरी जाळीची टोपली आणली होती, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. टँटीने ती बघितली. "छान आहे. तुझ्या मिरच्या लाव तिच्यात." झाड आईच्या पातेल्यातून हलणार नव्हतं. मग ते अलगद उचलून केळीच्या पानावर ठेवलं, पातेलं धुतलं आणि अंगणात पालथं घातलं. क्लिओफासने हातोडा आणि जाड खिळा घेतला. बुडाला आठ भोकं पाडायची, साखळीने टांगायचं, मग कुठूनही फुलू दे, असं ठरलं.

पातेलं पालथं, आणि समोर क्लिओफास हातात हत्यार घेऊन. टँटी दोन पावलं मागे सरकली. समोरच्या टेकडीवर चर्चची दफनभूमी दिसते, तिची आई तिथेच आहे; तिकडे तिने तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, बघून ठेव. आज कोण मारतंय ते नीट बघून ठेव."

क्लिओफासने हातोडा वर उचलला, मग तसाच थांबला आणि मान वळवून एकदा आमच्या अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे बघितलं.

"मार," टँटी म्हणाली. "मी आहे इथे."

टण्ण आवाज आला. टेकडीपर्यंत गेला असेल.